घोडा कुणाच्या दाण्यावर?

उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. सोलापूर रस्त्यावरून माणसे ते बघायला उतरतात, वाळल्या गाळातून चालत जातात. धरण झाले नसते तर गाव कसे असते, हे बोलणे तिथे हटकून निघते. ‘झाले नसते तर’ हा प्रश्न इतिहासकारांना फारसा रुचत नाही. मला तो मोलाचा वाटतो. एखादी सत्ता कशाच्या टेकूवर उभी होती, हे तो विचारल्यावरच नीट दिसते.

साम्यवादी रशियात सेनापतींनी राज्य हाती घेतले असते तर, हा असाच एक प्रश्न. त्याच्या सर्वांत जवळ पोचले मार्शल झुकोव्ह. २६ जून १९५३ रोजी क्रेमलिनमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला पकडणाऱ्या सेनाधिकाऱ्यांत ते होते. जून १९५७ मध्ये मोलोटोव्ह आणि मालेनकोव्ह यांच्या गटाने पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हना पाडायचे ठरवले, तेव्हा केंद्रीय समितीचे सदस्य मॉस्कोत आणायला झुकोव्ह यांनी लष्करी विमाने दिली. ख्रुश्चेव्ह तरले. चारच महिन्यांनी झुकोव्ह युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या दौऱ्यावरून परतले आणि संरक्षणमंत्रिपदावरून गेले. बर्लिन जिंकणारा सेनानी घरी बसला आणि एकही पलटण हलली नाही.

आपल्याकडे एका सेनानीने राज्य हाती घेण्याचे पाऊल खरोखर टाकले होते. जून १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि बाल निजामशहाला कैद करून नेले. निजामशाही संपली, असे सगळे धरून चालले होते. त्याच वर्षी शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही घराण्यातला दुसरा मुलगा, मुर्तजा, गादीवर बसवला आणि कारभार स्वतः हाती घेतला. वाट निजामशाहीचाच आधीचा सेनापती मलिक अंबर याने घालून दिलेली होती: छत्र घराण्याचे, हुकूम सेनापतीचा. हे राज्य तीन वर्षे चालले. ते मोडायला खुद्द शाहजहानला १६३६ मध्ये दक्षिणेत यावे लागले.

इथे माझा ‘तर’ विजापुरात अडकतो. तिथल्या दरबारातले खवासखान आणि मुरार जगदेव यांचा मोगलांना विरोध होता आणि शहाजीराजांना त्यांचा आधार होता. हाच मुरार जगदेव, ज्याने काही वर्षांपूर्वी पुणे उद्ध्वस्त केले होते. दरबारातल्या भाऊबंदकीत १६३५ मध्ये दोघेही मारले गेले. पुढच्या मे महिन्यात विजापूरने मोगलांशी तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. माहुली किल्ल्याच्या वेढ्यात राजांना मुर्तजा मोगलांच्या हवाली करावा लागला. खवासखान जगला असता, तर दक्षिणेत मराठा सेनापतीच्या हुकुमतीचे एक राज्य टिकले असते, असे मला मनापासून वाटते.

झुकोव्ह आणि शहाजीराजे, दोघेही हरले. पण हरल्यावर हाती काय उरले, ते पाहा. रशियात क्रांतीपासूनच सेनापतीच्या शेजारी पक्षाचा कमिसार बसवलेला होता. शिपायाचा पगार, शिधा, बढती, सगळे वरून यायचे. तुखाचेव्हस्कीसारखा मार्शल १९३७ मध्ये गोळी घालून मारला गेला, तरी सैन्य उठले नाही. सैन्यातल्या पक्षयंत्रणेचा हात आखडायला निघाले, हाच झुकोव्ह यांच्यावरचा एक मोठा आरोप होता.

दख्खनचा सरदार मात्र आपली पागा आपल्या मोकाशावर, म्हणजे जहागिरीवर पोसायचा. घोड्याची चंदी, वैरण, शिलेदाराचा पगार गावच्या वसुलातून निघे. गादीवरचा मालक बदलला, तरी शिलेदार आपल्या सरदाराकडेच बघत असे. म्हणून १६३६ मध्ये निजामशाही गेली, राजांना आदिलशाहीची चाकरी धरून कर्नाटकात जावे लागले, तरी इकडची जहागीर त्यांच्याच नावे राहिली. तिच्यात पुणे, सुपे, चाकण यांच्याबरोबर इंदापूरही होते. त्या इंदापूरच्या लढाईतच मालोजीराजे पडले, असे सांगतात.

या जहागिरीवर जिजाऊ आणि शिवाजीराजे राहिले. उजाड पुणे दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुन्हा लागवडीला आले, आणि पेमगिरीवर जे तीन वर्षांत मोडले होते ते पुढच्या पिढीने परक्या घराण्याचे छत्र न घेता उभे केले.

त्या इंदापूर परगण्यातली भीमाकाठची कितीतरी जमीन आज उजनीच्या पाण्याखाली आहे.