उशीर झालाय, पळा!

कॉलेजांत आता ध्यानाचे वर्ग भरतात. सकाळी सातला ध्यान, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास. मनाची मशागत करायची तीही धावतपळत! अशा वेळी प्रिन्स्टनचा एक जुना प्रयोग आठवतो. अमेरिकेतल्या या गावात पाद्री व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. अध्यात्म हाच या मुलांचा अभ्यासक्रम होता.

प्रत्येकाला एक छोटं भाषण तयार करायला सांगितलं. काहींना विषय दिला बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाचा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला धर्माचे जाणकार टाळून जातात आणि परका माणूस उचलतो, अशी ती गोष्ट. बाकीच्यांना विषय होता नोकरीधंद्याचा. भाषण शेजारच्या इमारतीत द्यायचं होतं. निघताना काहींना सांगितलं, उशीर झालाय, तिकडे वाट बघताहेत. काहींना सांगितलं, अजून वेळ आहे, पण निघालात तरी चालेल. वाटेतल्या बोळात, दाराशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसला होता. कोणी जवळून गेलं की तो दोनदा खोकायचा, कण्हायचा. त्याला अर्थातच संशोधकांनी बसवलं होतं.

निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले. या दोहोंच्या मधल्या, थोड्या घाईतल्या तिसऱ्या गटातले ४५ टक्के. उशीर झालेले फक्त १० टक्के. शोमरोनी माणसावर बोलायला निघालेले काही जण तर त्याला चक्क ओलांडून गेले.

विषयाचा परिणाम झालाच नाही का? शोमरोनी गटातले ५३ टक्के थांबले, दुसऱ्या गटातले २९. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संशोधकांचं गणित निघालं. मुलं एकूण चाळीसच, त्यामुळे याबाबत छातीठोकपणे काही बोलू नये हे बरं. घाईचा परिणाम मात्र तेवढ्यांतही लपला नाही.

न थांबलेले निर्दय होते असंही नाही. त्यांतले कित्येक भाषणाच्या खोलीत पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. काहींना नंतर विचारल्यावर आठवलं, की हो, कोणीतरी बसलं होतं खरं. डोळ्यांनी टिपलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला डोकं मोकळं नव्हतं. म्हणून ध्यानाचा तास वाढवण्याआधी प्राचार्यांनी दोन लेक्चरमधली सुट्टी वाढवून बघावी, असं मला वाटतं.

प्रयोगातल्या विद्यार्थ्यांची श्रद्धा कशा प्रकारची आहे, हेही प्रश्नावलीतून तपासलं होतं. कोण थांबेल हे त्यावरून सांगता आलं नाही. थांबल्यावर कोण कसं वागेल, याचा अंदाज मात्र आला. 'गोळी घेतलीय, जरा बसतो, बरं वाटेल,' असं त्या माणसाने सांगितल्यावर, ज्यांच्या लेखी धर्म म्हणजे शोध होता, ते बहुधा त्याचं ऐकून पुढे जायचे. पक्क्या मतांचे काही जण त्याला सोडायलाच तयार नव्हते. कॉफी प्यायला, नाहीतर दवाखान्यात, चलाच म्हणायचे.