यकृतातील चरबी आणि घराण्याचा वारसा

कुंडलिकेच्या खोऱ्यात खाचरांतील भातावर आणि कापणीनंतर त्याच ओलाव्यावर उगवणाऱ्या वालावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या रोह्याच्या माणसाला, धाटावच्या कारखान्यात पाळी करू लागल्यावर किंवा पेढीवर बैठे काम पत्करल्यावर, सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द दिसले, की ‘हे आमच्या घराण्यातच आहे, पथ्याने काय होणार!’ असा उद्गार त्याच्या तोंडून सहज निघतो. या उद्गाराचा पूर्वार्ध पुष्कळदा खरा असतो. उत्तरार्ध मात्र खरा नाही, आणि तो खरा मानल्याने होणारी हानी मला फार मोठी वाटते.

पीएनपीएलए-३ नामक जनुकाच्या एका प्रकाराचा यकृतातील चरबीशी निकट संबंध असल्याचे अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज, जोनाथन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले. यकृताच्या पेशीत चरबी थेंबाथेंबांनी साठते व विशिष्ट विकर ती फोडीत असते. परंतु या जनुकप्रकारापासून बनलेले प्रथिन त्या थेंबांना चिकटून बसते, यथाकाल नष्ट होत नाही, आणि विकराला लागणारा साहाय्यक घटक स्वतःकडेच अडकवून ठेवते. कोठारात माल येत राहावा आणि तो बाहेर नेण्याचा परवाना मात्र दफ्तरात अडकून पडावा, तशी ही अवस्था. तथापि या जनुकाचा अंमल सदासर्वकाळ सारखा नसतो, हे यातले मर्म. साखर आणि पिष्टमय अन्न वाढून रक्तात इन्सुलिन चढले, की हे जनुक जोराने कामास लागते. आहार आवरला, की मंदावते. फिनलंडमध्ये अवघे सहा दिवस अल्प पिष्टाचा मिताहार दिला असता, माता व पिता दोघांकडून हा प्रकार लाभलेल्यांच्या यकृतातील चरबी सुमारे ४५ टक्क्यांनी घटली, तर तो नसलेल्यांची सुमारे १८ टक्क्यांनी, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. ती माणसे थोडी होती, हे खरे. पण २०१५ साली हाँगकाँगच्या मोठ्या प्रयोगातही कल हाच दिसला.

अर्थात सारा भार एका जनुकावर टाकणे योग्य नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी २.७ किलो वजनाच्या त्या कृश अर्भकांतही चरबीचा अंश, ३.५ किलोच्या इंग्रज अर्भकांशी तुलना करता, देहमानाच्या हिशेबाने अधिक आढळला. म्हणून अंगाने सडपातळ असलेल्या कोकणी माणसानेही निर्धास्त राहू नये. मात्र अशा माणसाचे वजन तीन ते पाच टक्के, म्हणजे साठ किलोत दोन-तीन किलो, उतरले तरी यकृत निवळू शकते. स्थूलाला सात ते दहा टक्के उतरवावे लागतात.

त्यासाठी जनुकाची तपासणी करून घेण्याची गरज नाही, कारण पथ्य सर्वांना एकच. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात आणि मधून मधून गोड चहा, या क्रमातील एका वेळचा भात कमी करून त्या जागी वालाचे बिरडे आणि मासळी वाढवावी, चहातील साखर सोडावी व रोज झपझप चालावे. दारूचे मात्र निराळे आहे: हाच जनुकप्रकार असलेल्या पिणाऱ्याला सिरोसिसचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, यास्तव ज्या घरात यकृताच्या विकाराने कोणी दगावले असेल, तेथील भावंडांनी व मुलांनी दारू वर्ज्य करावी आणि एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.