देहलीदीप : घरांतील वाटांचा उजेड

संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘देहलीदीपन्याय’ या नांवाचा एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा जसा आंतल्या खोलीलाहि उजेड देतो व बाहेरच्या ओसरीलाहि देतो, तसाच वाक्याच्या मध्यें आलेला एखादा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही अंगांशीं अन्वित होतो, हें दाखविण्यासाठीं टीकाकार या न्यायाचा आश्रय करितात. टीकाकारांचें काम शब्दाशीं. आज आमचें काम मात्र त्या दिव्याशींच आहे. घरांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याच्या ज्या वाटा असतात, म्हणजे प्रवेशाची देवडी, दोन खोल्यांमधला बोळ आणि जिना, त्या वाटांवर दिवा कोठें असावा, कसा असावा, आणि शोभिवंत असूनहि तो उपयोगी कसा पडावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विषय दिसावयास लहान आहे. नवें घर घेतांना दिवाणखान्याच्या दिव्यांसाठीं चार दुकानें पालथीं घातलीं जातात. स्वयंपाकघराचा उजेड गृहिणी स्वतः पाहून घेते. बोळाच्या वांट्याला मात्र उरलासुरला दिवा येतो. परंतु रात्रीं सर्व खोल्यांचे दिवे मालवल्यावर ज्या एका जागीं माणसांची ये-जा चालू राहते ती जागा हा बोळच होय. एकत्र कुटुंबांत आजोबा तीनला उठतात, आजी चारला; मध्येंच एखादी सून कडेवर मूल घेऊन मोरीकडे जाते. हीं सारीं माणसें अर्धवट झोंपेंत, बहुधा अनवाणी आणि चष्म्यावांचून चालत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें पडण्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें दगावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांची संख्या सर्वांत मोठी आहे. म्हाताऱ्या माणसाचें खुब्याचें हाड मोडलें म्हणजे अंथरूण धरणें आलेंच, आणि धरलेलें अंथरूण पुष्कळदां सुटत नाहीं. माणूस पडतें त्याला कारणें अनेक असतात. परंतु त्यांपैकीं जें कारण सर्वांत थोड्या खर्चांत दूर करतां येतें तें अंधार हें होय.

वडीलधारीं माणसें अंधारांत कां चालतात?

घरांत बटणें आहेत, दिवे आहेत, तरी वृद्ध माणसें भिंत चांचपडत जातात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्यांना विचारलें तर उत्तर मिळतें, “पायाखालची वाट आहे, दिवा कशाला?” खरीं कारणें दोन असतात. एक काटकसर. ज्यांचें बालपण रॉकेलच्या चिमणीजवळ अभ्यास करण्यांत गेलें त्यांच्या हाताला दिवा मालविण्याची संवय असते, लावण्याची नसते. दुसरें कारण अधिक नाजूक आहे. आपल्यासाठीं दिवा लागला तर बोळाकडे दार उघडें ठेवून निजलेल्या मुलाबाळांची झोंप मोडेल, ही ती भीति. स्वतः धडपडूं, पण दुसऱ्याला उठवणार नाहीं, अशी ही वृत्ति. ती आदरणीय आहे, म्हणूनच उपदेशानें जाणार नाहीं. आजीला “दिवा लावीत जा” असें शंभरदां सांगून उपयोग होत नाहीं. उपयोग होतो तो तिला दिवा लावावाच लागूं नये अशी व्यवस्था केल्यानें. बोळांतील दिव्याचें पहिलें सूत्र आम्ही असें मांडतों : तो मागावा लागतां कामा नये.

दुसरें सूत्र डोळ्यांच्या रचनेंतून निघतें. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आंतील भिंग पिवळसर पडतें. त्यामुळें विशींतल्या तरुणाच्या नेत्रपटलावर जेवढा उजेड पोंचतो त्याच्या सुमारें एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. शिवाय भर उजेडांतून अंधारांत आलेल्या डोळ्याला पूर्णपणें सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. याचा अर्थ असा कीं, काळोख जितका वाईट, तितकाच मध्यरात्रीं एकदम डोळ्यांवर येणारा लख्ख दिवाहि वाईट. तो मालवल्यावर परतीची वाट आधींपेक्षां काळी होते. म्हणून दिवा पायांना दिसावा, डोळ्यांना दिसूं नये.

पूर्वींची व्यवस्था

जुन्या वाड्यांत या दोन्ही सूत्रांचें पालन कसें झालें होतें तें पाहण्यासारखें आहे. दिंडीदरवाज्यांतून आंत आलें कीं देवडी, पुढें चौक, मग ओसरी व माजघर. आणि जिना बहुधा जाड भिंतीच्या पोटांत काढलेला, अरुंद व उभ्या चढणीचा. अशा ठिकाणीं भिंतींत लहानशी देवळी ठेवीत. तेथें पणती किंवा चिमणी वाऱ्यापासून सुरक्षित राही. देवळी आंतून चुन्यानें पांढरी केलेली असल्यानें थोडा उजेड दुणावून बाहेर येई. आणि ज्योत भिंतीच्या आंत असल्यानें येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नसे. शोभाहि त्याच ठिकाणीं साधलेली असे, कारण देवळीला महिरप असे, आणि महिरपींतून सांडणारा उजेड भिंतीवर आपोआप नक्षी काढी.

घडीव दिव्यांतहि हाच विवेक दिसतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील दिव्यांचा संग्रह ज्यांनीं पाहिला असेल त्यांना समया, लामणदिवे, हातांत धरून न्यावयाचे दिवे यांच्या घडणींतील चातुर्य सांगावयास नको. लामणदिव्याला सांखळी असते ती ज्योत हव्या त्या उंचीवर धरतां यावी म्हणून. त्या सांखळीवर मोर बसविला तो कारागिरानें कामाची जागा शोभेला दिली म्हणून. आणि आषाढी अमावास्येला घरांतले सारे दिवे घासून-पुसून त्यांची पूजा करण्याची जी चाल आहे तिच्यांत धर्माबरोबर देखभालहि आहे. काजळी धरलेला दिवा निम्माच उजेड देतो हें ती चाल घालणाऱ्यांना ठाऊक होतें.

तरी त्या काळाचें नुसतें कौतुक करण्यांत अर्थ नाहीं. तेलाचा वास, भिंतींवरची काजळी, आणि पदर पेटण्याचें भय हेंहि त्याच देवळींत होतें. त्या काळापासून दिव्याच्या जागेचा विवेक तेवढा घ्यावा.

दिवा किती व कोणता

आजच्या एलईडी दिव्यानें आपलें काम पुष्कळ सोपें केलें आहे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, कारण त्या निळ्या प्रकाशामुळेंच पांढरा एलईडी शक्य झाला. आपल्याकडे २०१५ सालीं सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनें तो स्वस्त दरांत घरोघर पोंचविला.

आतां हिशेब. बोळ १२ फूट लांब व ४ फूट रुंद आहे असें धरूं. म्हणजे ४८ चौरस फूट, सुमारें साडेचार चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन उजेड पडला म्हणजे त्याला एक लक्स म्हणतात, आणि ये-जा करण्याच्या बोळास १०० लक्स पुरेसा समजतात. तेव्हां जमिनीवर ४५० ल्यूमेन हवेत. निम्मा उजेड भिंती व छत गिळतात असें मानलें तर दिव्यानें ९०० ल्यूमेन दिले पाहिजेत, आणि साधारण तेवढे ९ वॅटच्या एका एलईडी दिव्यांतून मिळतात. त्यासाठीं पूर्वींच्या तारेच्या बल्बाला ६० वॅटांहून अधिक वीज लागे. तथापि मध्यभागीं एक ९ वॅटचा दिवा लावण्यापेक्षां ५ वॅटचे दोन दिवे, दोन्ही टोकांपासून तीन-तीन फुटांवर, लावणें चांगलें. म्हणजे टोकें काळीं राहात नाहींत व चालणाऱ्याची स्वतःचीच सांवली वाटेंत आडवी येत नाहीं. भिंतींना पांढरा किंवा फिकट रंग असेल तर हा हिशेब पुरतो. सागवानी फळ्यांनीं मढविलेला बोळ याहून अधिक उजेड मागतो.

दिव्याच्या खोक्यावर वॅटांशेजारीं २७०० के, ४००० के, ६५०० के असे आंकडे असतात. आंकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर, समईच्या जवळचा. जितका मोठा तितका निळसर पांढरा. बोळाला व जिन्याला २७०० ते ३००० घ्यावा. निळसर प्रकाश मेंदूला दिवस झाल्याचा भास करून देतो, आणि मोरीकडे जाऊन आलेल्या माणसाला पुन्हां झोंप लागत नाहीं. कांच नेहमीं दुधी असावी. पारदर्शक कांचेंतून आंतील तेजस्वी ठिपके दिसतात, ते दुकानांत सुंदर व घरांत त्रासदायक वाटतात.

दिव्याची जागा

रात्रीच्या वाटेसाठीं मुख्य दिव्यांव्यतिरिक्त वेगळा, अगदीं मंद दिवा हवा. तो छताला नको. जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंतींत बसविलेला किंवा खालच्या बटणपाटींत खोंचलेला असावा. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास जळत राहिला तरी वर्षाला दोन युनिटहि वीज लागत नाहीं. ज्याला आपण झीरोचा बल्ब म्हणत आलों तो जुना दिवा नांवानें झीरो असला तरी प्रत्यक्षांत १२ ते १५ वॅट वीज खाई, आणि तेवढ्याच वेळांत वर्षाला पन्नास युनिटांच्या आसपास जात. हा हिशेब आजोबांना कागदावर मांडून दाखवावा; काटकसरी माणसाचें समाधान आंकड्यांनींच होतें.

माणसाची चाहूल लागतांच आपोआप लागणारे दिवेहि आतां सर्वत्र मिळतात. ते घ्यावयाचे तर दोन गोष्टी पाहाव्या. ते मंद व पिवळे असावे. आणि मालवण्याची मुदत निदान दोन मिनिटें ठेवावी. तरुण माणूस बोळ दहा पावलांत ओलांडतें. काठी टेकीत जाणारें मधल्यामध्यें अंधारांत सांपडूं नये.

जिन्याची गोष्ट अधिक जपण्याची. पडण्याचे प्रसंग बहुधा पहिल्या व शेवटच्या पायरीवर येतात, कारण सपाट जमीन संपली कोठें आणि सुरू झाली कोठें हें पायाला कळत नाहीं. म्हणून एक दिवा माथ्यावर व एक पायथ्याशीं असावा, आणि उतरणाऱ्याला कोणत्याहि दिव्याची नुसती ज्योत समोर दिसूं नये. दोन्ही टोकांना बटण असावें, म्हणजे खालून लावून वर मालवतां येतें. वायरमन याला टू-वे म्हणतात. पहिल्या व शेवटच्या पायरीच्या कडेला दोन बोटें रुंद पांढरा पट्टा तैलरंगानें ओढला, तर चार दिव्यांचें काम तो पट्टा करतो. वीज गेली असतां स्वतःच्या साठ्यावर जळणारा एखादा दिवा जिन्यावर असावाच. आणि मोरीलगतच्या ओलसर बोळांत तारा जुन्या असतील तर, दिव्याची निवड करण्यापूर्वीं, विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें यंत्र फळ्यावर बसवून घ्यावें.

शोभा

येथवर आम्ही शोभेचें नांव फारसें काढलें नाहीं, तें तिला तुच्छ मानून नव्हे. बोळ हा घराचा इतिहास टांगण्याची जागा असतो. पणजोबांचें पागोट्यांतलें छायाचित्र, १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या रविवर्मा छापखान्याचें एखादें लक्ष्मी-सरस्वतीचें चित्र, मुलींनीं विणलेलें तोरण, हीं सर्व बोळांतच शोभतात. त्यांच्यावर दिवा वरून तिरपा, उभ्या रेषेशीं सुमारें ३० अंशांचा कोन करून टाकावा; म्हणजे चौकटीची कांच चमकत नाहीं, आणि भिंतीवरून परतलेला तोच उजेड जमिनीलाहि मिळतो. एका दिव्यांत दोन्ही कामें झालीं. देहलीदीप तो हाच.

प्रवेशाशीं घराण्यांतला जुना लामणदिवा टांगावा. सणावारीं त्यांत तेलवात घालावी. एरवीं त्याच्या मागें देवळींत दडविलेला लहान विजेचा दिवा पितळेवर झळाळी आणील. टांगलेली वस्तु जमिनीपासून सात फुटांच्या खालीं येऊं देऊं नये; उंच नातवाचें कपाळ हें त्याचें माप नव्हे. ज्यांच्याकडे फरशी गुळगुळीत आहे त्यांनीं थेट खालीं पडणारे टोंकदार झोत टाळावे; फरशीवरचा चमकता डाग वृद्ध डोळ्याला सांडलेल्या पाण्यासारखा भासतो, आणि तो चुकविण्यासाठीं माणूस पाय वांकडा टाकतें. झुंबर हवेंच असेल तर तें दिवाणखान्यांत लावावें. अरुंद बोळांत तें पाहावयास माणूस मान वर करतें, आणि तेवढ्यांतच उंबरठा येतो.

शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. आज रात्रीं निजानीज झाल्यावर घरांतील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या अंथरुणापासून मोरीपर्यंत, दिवा न लावतां, अनवाणी चालून पाहा. ज्या जागीं आपला हात नकळत भिंत शोधूं लागेल त्या जागेवर खडूनें खूण करा. दिवा तेथें हवा आहे. त्याचा रंग, त्याची कांच, त्याची नक्षी हें दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून, आजीला मध्यें बसवून, हौसेनें ठरवावें.