न्हाणीघर नवं करताना : आधी पाईप, मग टाईल्स

दिवाणखान्याच्या पडद्यांचा रंग ठरवायला आपण पंधरा दिवस घेतो. चार दुकानं फिरतो, नणंदेला विचारतो, जावेला दाखवतो. न्हाणीघर नवं करायचं ठरलं, की मात्र टाईल्स पसंत करण्यापलीकडे आपली मजल जात नाही. पाईपचं 'मिस्त्री बघून घेतील' आणि पैशाचं 'हे बघून घेतील'! पुढे त्याच न्हाणीघरात वाकून बादल्या भरायच्या, कपडे धुवायचे, तुंबलेली मोरी मोकळी करायची, ती कुणी? आपणच ना?

टाईल्सची हौस पुढेमागे भागवता येते. भिंतीत गाडलेला पाईप मात्र चुकला की चुकला. तो दुरुस्त करायचा म्हणजे चांगल्या टाईल्स फोडायच्या, आणि त्याच रंगाच्या टाईल्स पुन्हा मिळतील याची खात्री नाही. म्हणून मैत्रिणींनो, हातोडा पडण्याआधी चार दिवस या कामात तुम्ही स्वतः लक्ष घाला.

आधी पाण्याचा हिशेब

आपल्या शहापूर तालुक्याची तऱ्हाच न्यारी. तानसाचं धरण १८९२ सालचं. भातसाचं पाणी तर मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर बायका टँकरची वाट बघत उभ्या! आसनगावात स्टेशनाच्या आसपास नव्या इमारती झाल्या, जुन्या कौलारू घरांच्या मागच्या पडवीतही टाईल्सची न्हाणीघरं आली. पण पाण्याची काळजी काही सुटली नाही. तेव्हा न्हाणीघराचा विचार नळापासून नको, पाण्यापासून करा.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. आता जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी १० लिटर ओतते. पाच माणसांनी दिवसातून पाच-पाच वेळा ती ओढली, की २५० लिटर गेले. अंघोळ, धुणं, भांडी, स्वयंपाक उरलेल्या २५ लिटरमध्ये करायचा का? दोन बटणांची टाकी घेतली तर मोठं बटण ६ लिटरचं, छोटं ३ लिटरचं. माणशी एकदा मोठं आणि चारदा छोटं धरा : ३० आणि ६० मिळून ९० लिटर. रोजचे १६० लिटर वाचले. बादलीच्या भाषेत आठ मोठ्या बादल्या! शोभेच्या नळावर पैसे घालण्याआधी या टाकीवर घाला.

गच्चीवरच्या टाकीचा जोर

दुकानात छत्रीएवढा शॉवर बघून आपण भुलतो. घरी आणून बसवला, की त्यातून येते ठिबक. दोष शॉवरचा नसतो. टाकीतलं पाणी उंचीच्या जोरावर येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब मिळतो. बैठ्या घरात टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम आठ फूट, म्हणजे पाव किलोही दाब नाही.

यावर साधे उपाय आहेत. टाकी चार-पाच फूट उंच ओट्यावर किंवा लोखंडी घोडीवर ठेवा. टाकीतून उतरणारा मुख्य पाईप सव्वा इंची घ्या, न्हाणीघरात पाऊण इंची, आणि फक्त नळाशी अर्धा इंची. वाटेत एल्बो जितके कमी, तितकं पाणी मोकळं. दाबाचा पंप बसवता येतो, पण वीज गेली की तो बसला!

न्हाणीघराच्या पाईपला बाहेरच्या बाजूला एक स्वतंत्र चावी जरूर घाला. एक वॉशर बदलायचा म्हणून सबंध स्वयंपाकघर कोरडं पडायला नको.

पाईप कोणता?

जुने लोखंडी जी.आय. पाईप आतून गंजतात, त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार साचून वाट बारीक होते. काम काढलंच आहे, तर अर्धा जुना पाईप ठेवून त्याला नवा जोडू नका. थंड पाण्याला यूपीव्हीसी चालतो. गरम पाण्याला मात्र सीपीव्हीसीच हवा. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. दोन्हींचं चिकटवण्याचं सोल्यूशनही वेगळं असतं. एकाच डब्यात दोन्ही कामं उरकत नाहीत ना, एवढं बघा. नळ जिथे आट्यांनी बसतो तिथला सांधा पितळी आट्यांचा मागा. प्लॅस्टिकच्या आट्या नळ बदलताना चिरतात.

नळ आपल्या उंचीचा

मुलांच्या चौकटीच्या वहीतलं एक पान घ्या, टेप घेऊन न्हाणीघर मोजा आणि एक फुटाला दोन चौकटी धरून नकाशा काढा. दार कुठे उघडतं, खिडकी कुठे, कपडे धुवायला बसायचं कुठे, सगळं त्यात मांडा.

बादलीचा नळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर असावा. आपली सर्वांत मोठी बादली आणि त्यावर चार बोटं, हे त्याचं खरं माप. बेसिनचा काठ पावणेतीन फुटांच्या आसपास, शॉवर साडेसहा ते सात फुटांवर. गरम नळ डावीकडे, थंड उजवीकडे. हा रिवाज मोडू नका, पाहुण्यांची पोळायची वेळ येते.

घरात सासूबाई-सासरे असतील किंवा गुडघे आपलेच कुरकुरत असतील, तर कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडी हवीच. तिची जागा आताच ठरवा आणि तिथून पाईप नेऊ नका. नाहीतर पुढे दांडीसाठी भोक पाडायला जावं आणि भिंतीतून कारंजं उडावं!

गेलेल्या पाण्याची वाट

येणाऱ्या पाण्याचं कौतुक सगळ्यांना, जाणाऱ्या पाण्याचं कुणालाच नाही. तुंबते ती मोरीच. अंघोळीच्या पाण्याला तीन इंची पाईप, कमोडला चार इंची. उतार चाळिसास एक, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. लादीलाही पाच फुटांत पाऊण इंचाचा उतार हवा आणि तो दाराकडून जाळीकडे. टाईल्स बसवताना तांब्याभर पाणी ओता. ते कोपऱ्यात थबकलं तर सिमेंट ओलं असतानाच सांगा.

मिस्त्री ज्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात, त्यात दोन इंच पाणी सदैव उभं राहायला हवं. हेच पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. उथळ ट्रॅप घेतला, की उदबत्त्या लावून वास जात नाही.

स्वतंत्र घर असेल, तर अंघोळीचं साबणाचं पाणी मैल्याच्या टाकीत सोडू नका. वेगळ्या पाईपने ते परसात केळी-अळूला द्या. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. टाकीचा हवेचा पाईप छपराच्या वर न्या, तोंडाला जाळी बांधा. आणि ती टाकी साफ करायला माणूस उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय तसं करणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत विषारी वायू साचतो आणि कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस जातो. उपसायला टँकर बोलवा. त्याचा पाईप पोचेल अशी झाकणाची जागा ठेवा.

गीझर : इथे तडजोड नको

गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. गॅस जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार लावून अंघोळीला गेलेलं माणूस हाक न मारता बेशुद्ध पडतं. गीझर बाहेरच्या मोकळ्या पडवीत किंवा गॅलरीत ठेवा आणि गरम पाण्याचा पाईप तेवढा आत आणा. पाईपचा नकाशा आधी करायचा तो यासाठीच. एकदा टाईल्स बसल्या, की 'आता आतच लावू या' असं म्हणणारे घरोघरी निघतात. त्या वेळी ठाम राहा.

विजेचा गीझर असेल, तर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉईंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून कुणी तो बुजवू लागलं, तर बुजवू देऊ नका. वाढलेला दाब तिथूनच निघतो. पुढे सौर बंब घ्यायचा मनात असेल, तर गच्चीवरून उतरणारा गरम पाण्याचा पाईप आताच घालून तोंड बंद करून ठेवा.

टाईल्सच्या आधीची परीक्षा

ओळखीच्या एका घरी नवं न्हाणीघर झालं आणि दोन महिन्यांत पलीकडच्या खोलीत देवघरामागची भिंत ओली झाली. भिंतीतला एकच सांधा पाझरत होता. तो सापडेपर्यंत आठ टाईल्स फुटल्या. हे टाळायचं, तर भिंतीच्या झिऱ्या बुजवण्याआधी सगळ्या नळांच्या जागी बूच मारून पाईपांत पाणी भरायला लावा. हातपंपाने दाब देऊन काटा काही तास हलत नाही हे बघा. पंप नसेल तर टाकीचं पाणी सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी एकेक सांधा कोरड्या कागदाने टिपून बघा.

जमिनीला वॉटरप्रूफिंग झालं, ते भिंतीवर फूटभर चढवलं, की मोरीच्या तोंडाला बोळा कोंबून दोन दिवस पाणी साठवा. फ्लॅट असेल तर खालच्या वहिनींकडे जाऊन त्यांचं छत बघून या. मग मोबाईलवर प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढा. पाच वर्षांनी खिळा मारताना तो फोटो सोन्याचा वाटेल.

काम केव्हा, पैसे कसे?

आपल्याकडे पावसाळ्यात खणलेला खड्डा पाण्याने भरतो आणि उन्हाळ्यात सिमेंटवर मारायला पाणी नसतं. म्हणून काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. घरात एकच न्हाणीघर असेल, तर दहा-पंधरा दिवसांची सोय शेजारी आधीच बोलून ठेवा.

मिस्त्रींना पैसे टप्प्याटप्प्याने द्या : काही सुरुवातीला, काही पाण्याची परीक्षा झाल्यावर, उरलेले सगळे नळ चालू करून दाखवल्यावर. हे बोलणं वहीत लिहा, त्यांनाही वाचून दाखवा. 'तुमच्यावर विश्वास नाही' असा सूर नको; 'दादा, रोज वापरणार मी, म्हणून मला समजावून सांगा,' असं म्हटलं, की चांगला कारागीर आपणहून दोन गोष्टी जास्त सांगतो. आणि टाईल्सचा रंग? तो सगळ्यात शेवटी, निवांत निवडा. तेवढी हौस आपल्याला हवीच!