आग्रह आणि पेला



वसंतातल्या व्याख्यानासाठी मद्याच्या पेल्याचा विषय निवडला, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर काहींच्या ओठांवर हसू आले असेल. दोघांनाही माझी विनंती अशी की, निकाल शेवटी द्यावा. मी येथे मद्याची स्तुती करायला उभा नाही आणि कीर्तनकाराच्या आवेशाने त्याचा धिक्कार करायलाही नाही. मोठ्या हॉटेलात ‘लाउंज’ अशी पाटी लावलेली जी निवांत खोली असते, तिथे लोक काय पितात, काय खातात आणि तिथे बसावे कसे, एवढेच मला समजावून सांगायचे आहे.

आपल्याला परिचित आहे ती ‘परमिट रूम’. हे नाव कोठून आले? मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. महाराष्ट्रात आजही तोच कायदा चालतो. फक्त नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे. या कायद्याची मूळ भूमिका अशी की, मद्य निषिद्ध आहे. ज्याला प्यायचे असेल त्याने परवाना घ्यावा. कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असली पाहिजेत, तर सौम्य बीअर आणि वाइन यांसाठी २१. पुढे सवलती वाढत गेल्या, पण नाव ‘परमिट’चेच राहिले, आणि नावाबरोबर त्या खोलीचा स्वभावही टिकला. मंद दिवा, दाराला पडदा, भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस. चोरून करायची गोष्ट माणूस घाईने करतो. रिकाम्या पोटी, पटापट आणि कोणी ओळखीचा येण्याच्या आत उरकायचे, ही परमिट रूमची रीत होय.

लाउंजची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. तिथे उजेड असतो, बसायला ऐसपैस खुर्च्या असतात, स्त्रिया असतात आणि न पिणारेही असतात. पेला हातात धरून तासभर गप्पा माराव्यात, मध्ये काही खावे आणि मग जेवावे, हा तिथला क्रम. अशा ठिकाणी जे मिश्र पेय देतात त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात १८०६ साली आढळते: कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण.

परंतु कॉकटेलचा एक वडीलधारा आपल्या अगदी जवळचा आहे. त्याचे नाव ‘पंच’. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांवरून आपल्या ‘पाच’ या शब्दापासून हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रात ते १६३२ साली येते. मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेस आला होता. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालून तेथील इंग्रज पीत असलेल्या पेयाचे वर्णन त्याने केले आहे. सुरत ते बऱ्हाणपूर हा त्या काळचा मोठा व्यापारी मार्ग आपल्या खानदेशातून जात होता. तेव्हा ज्याला आपण परदेशी थेर म्हणतो, त्याची मुळे आपल्याच वाटेवर सापडतात.

आता या पेयाची गोम पाहू. लिंबाचा आंबटपणा, साखर, फळांचा रस आणि बर्फ यांमुळे मद्याचा जळजळीतपणा लपतो. कॉकटेलची सारी कला यातच आहे आणि सारा धोकाही यातच आहे. जीभ ज्या ठिकाणी ‘पुरे’ म्हणाली असती, तिथे ती ‘आणखी’ म्हणते. म्हणून जिभेवर न विसंबता हिशोबावर विसंबावे.

हिशोब सोपा आहे. मोठा पेग ६० मिलिलिटरचा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये मद्यार्क साधारण ४२.८ टक्के. म्हणजे एका मोठ्या पेगमध्ये जवळपास २६ मिलिलिटर, वजनाने सुमारे २० ग्रॅम, शुद्ध मद्यार्क झाला. आता बीअर घ्या. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ८ टक्के मद्यार्क असेल, तर तो भरतो ५२ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतका! तेव्हा ‘मी दारू घेत नाही, फक्त बीअर घेतो’ असे सांगणाऱ्या गृहस्थाने बाटलीवरचा आकडा एकदा वाचावा.

यकृत हा मद्यार्क तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने निकालात काढते. एका मोठ्या पेगला दोन ते तीन तास लागतात. लिंबू चोखून, कडक चहा पिऊन किंवा डोक्यावर पाणी ओतून हा वेग वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली स्पष्टच सांगितले की, प्रकृतीला पूर्ण निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. हे जाणून ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. न जाणता मात्र घेऊ नये.

खाण्याचे महत्त्व येथे येते. मद्यार्क मुख्यतः लहान आतड्यात शोषला जातो. पोटात अन्न असले की, तो जठरात थांबतो आणि रक्तात सावकाश उतरतो. म्हणून आधी खावे, मग पेला उचलावा. आपल्याकडे चखणा म्हणून काय येते? तिखट शेव आणि खारे शेंगदाणे. मिठाने तहान लागते आणि तहान पुन्हा पेल्यावर भागवली जाते. त्यापेक्षा पनीर, अंडी, उकडलेले हरभरे किंवा पाटवडी मागवावी. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन उठलेल्या माणसाला लाउंजमध्ये फार काही मागवावेसे वाटणार नाही, हाही एक फायदाच! शिवाय जळगावचा मे महिना आपण जाणतो. पारा ४५ अंशांकडे झुकतो. मद्य लघवीवाटे शरीरातले पाणी बाहेर काढते. उन्हात तापून आल्यावर पहिले दोन पेले साध्या पाण्याचे, ताकाचे किंवा पन्ह्याचे असावेत.

हे सारे पुस्तकी ज्ञान झाले. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या चांगुलपणातून निघते. खानदेशी माणूस आग्रहाचा. पाहुण्याच्या पानात खापरावरची पुरणपोळी पडली की, वर तूप पडणार आणि तो ‘नको’ म्हणत असता दुसरी पडणार. पाहुण्याने तीनदा नको म्हणावे आणि यजमानाने चौथ्यांदा वाढावे, हा पंगतीचा शिष्टाचार आहे. पुरणपोळीच्या बाबतीत त्याने फार तर दुपारची झोप लांबते. परंतु हाच आग्रह आपण जसाच्या तसा पेल्याच्या टेबलावर नेला आहे. तिथे ‘नको’ हा शब्द कोणी खरा मानीतच नाही.

एका हॉटेलात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. चारपाच मित्र बसले होते. त्यांतला एक तरुण लिंबूपाणी घेऊन बसला होता. त्याला मोटारसायकलने गावी परतायचे होते. ‘घ्या ना भाऊ, एकाने काय होते?’ हे वाक्य अर्ध्या तासात मी सहा वेळा ऐकले. सातव्या वेळी त्याने पेला उचलला. बोलणारे दुष्ट नव्हते. ते त्याचे प्रेमाचे मित्र होते. पण एकाने काय होते? मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. ६० किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी एक मोठा पेग भरभर घेतला, तर तेवढ्यानेच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आणि आपली दोन्ही शहरे तर राष्ट्रीय महामार्गांवर वसलेली. मालमोटारींच्या झगझगीत दिव्यांसमोर रात्री दहा वाजता तो तरुण निघाला, तेव्हा आग्रह करणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या मागे बसायला गेले नाही. तो सुखरूप पोहोचला असेल, अशी मी आशा करतो.

‘नाही’ म्हणण्यात कमीपणा आहे, ही समजूत आपल्याकडे कोठून आली कोण जाणे! याच खानदेशात तळोदे भागात १९३७-३८ च्या सुमारास गुला महाराजांच्या शब्दाखातर हजारो भिल्ल बांधवांनी दारू सोडली. ज्यांना शहरी माणूस अडाणी म्हणत असे, त्यांनी ‘नाही’ म्हणण्यात आपला मान मानला. मग आपणा शिकलेल्यांना एका टेबलावर तेवढे का साधू नये?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. यजमानाने एकदाच विचारावे. नकार आला तर कारण विचारू नये. न पिणाऱ्यालाही तितक्याच सुंदर पेल्यात लिंबू-पुदिन्याचे किंवा कैरीचे पेय यावे, म्हणजे तो पंक्तीबाहेर पडत नाही. गाडी कोण चालवणार, हे बसण्यापूर्वी ठरावे आणि त्याच्या पेल्याचे रक्षण सर्वांनी करावे. जेवण लवकर मागवावे आणि आपला सारा आग्रह जेवणासाठी राखून ठेवावा.

आग्रह ही आपली दौलत आहे. ती सोडा, असे मी म्हणत नाही. भरितावर आणखी एक भाकरी जरूर वाढा. पेला मात्र ज्याचा त्याने भरावा, आणि पालथा घातला तर तो पालथाच राहू द्यावा.