न मागता द्यावयाचे पाणी

वैशाख सरत आला, रोहिणी नक्षत्र लागले आणि विदर्भात ज्यास नवतपा म्हणतात तो नऊ दिवसांचा कडक काळ सुरू झाला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, अकोला ह्या बाजूंस दुपारचे रस्ते ओस पडतात. मैदानी प्रदेशात पारा ४५ अंश सेल्सिअसला पोहोचला की हवामान खाते त्यास उष्णतेची लाट मानते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. ज्याच्या अंगात बळ आहे तो अशा दिवसांत सावली शोधतो, माठाकडे वळतो, कामाची वेळ बदलतो. परंतु ज्याची खाट, ज्याचा पेला, ज्याच्या खिडकीचा पडदा आणि ज्याच्या जेवणाची वेळ ही सर्व दुसऱ्याच्या हाती आहेत, त्या वृद्धाश्रमातील माणसाने काय करावे, हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या माणसाने नव्हे, तर त्याची जबाबदारी पत्करणाऱ्यांनी द्यावयाचे असते.

उष्णतेपासून स्वतःचे रक्षण करण्याची निसर्गदत्त शक्ती वयाबरोबर क्षीण होते. बाहेर ताप वाढला म्हणजे त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, घाम सुटतो आणि त्याचे बाष्पीभवन होताना देह निवतो. वार्धक्यात मात्र घर्मग्रंथी मंदावतात, वाढीव रक्तप्रवाहाचा भार हृदयास सोसवत नाही, आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती उणावते. त्याहून घातक गोष्ट अशी की, तहान ही जी देहाची पहारेकरीण, तीच म्हातारपणी डुलक्या घेऊ लागते. शरीरात पाणी कमी पडले तरी जिभेला त्याची वर्दी पोहोचत नाही. त्यात रक्तदाबावरील व लघवी वाढविणारी औषधे पाण्याचा साठा आणखी घटवितात, मनोविकारांवरील काही औषधांनी घाम कमी होतो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस तर आपणास काय होते आहे हे सांगताही येत नाही.

ह्या शारीरिक कारणांच्या जोडीला एक मानसिक कारणही असते, आणि ते कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही. रात्री वारंवार उठावे लागू नये, गुडघे दुखत असताना संडासापर्यंत चालावे लागू नये, पाळीवरच्या मावशींना पुन्हा पुन्हा हाक मारावी लागू नये, म्हणून अनेक वृद्ध स्त्रीपुरुष संध्याकाळनंतर जाणूनबुजून पाणी टाळतात. 'नको, आत्ताच प्याले' असे आजी सांगतात, तेव्हा त्या बहुधा आपले ओझे दुसऱ्यावर पडू नये एवढेच म्हणत असतात. म्हणून उन्हाळ्यातील शुश्रूषेचा पहिला नियम असा की, मागणीची वाट पाहू नये. 'आजी, पाणी हवे का?' असे विचारले तर उत्तर नकाराचेच येते. 'घोटभर ताक घ्या, मी बसते इथे' असे म्हणून पेला हाती दिला, तर तो बहुधा रिकामा होतो.

व्यवस्था चुकली म्हणजे काय घडते हे २००३ सालच्या ऑगस्टात फ्रान्सने पाहिले. पहिल्या पंधरवड्यातील उष्णतेने तेथे सुमारे १५,००० माणसे अधिक दगावली. त्यांतील बहुसंख्य ७५ वर्षांवरील होती. तो सुट्ट्यांचा महिना असल्याने अनेक ठिकाणी मनुष्यबळ तोकडे होते, कुटुंबे गावाबाहेर होती, आणि एकट्या वृद्धांची विचारपूस करणारे कोणी जवळ नव्हते. त्या दुःखातून शहाणे होऊन त्या देशाने वृद्धनिवासांना संकटकाळाचा आराखडा आणि प्रत्येक निवासात निदान एक थंड राखलेली खोली सक्तीची केली. आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यातील दाहानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्माघात-प्रतिबंधक कृतिआराखडा हाती घेतला, व पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तोच मार्ग धरला.

एक थंड खोली ही आपल्याही ऐपतीतली तजवीज आहे. सबंध इमारत गार ठेवणे बहुतेक संस्थांस परवडणारे नाही. परंतु तळमजल्यावरची, पश्चिमेचे ऊन न लागणारी एखादी खोली दुपारी अकरा ते पाच ह्या वेळेपुरती सर्वांसाठी मोकळी करणे शक्य असते. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर अंथरुणास खिळलेली माणसे ठेवणे उन्हाळ्यात टाळावे. गच्चीस चुन्याचा पांढरा लेप द्यावा. खिडक्या दिवसा मिटाव्यात व रात्री उघडाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोलीचे तापमान दिवसा ३२ व रात्री २४ अंशांखाली राखण्याचा यत्न करावा. आपल्या हवेत हे नेहमीच साधेल असे नाही, तथापि प्रत्येक दालनात तापमापक टांगल्याने निदान संकट दिसू लागते. कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, ताट्या ओल्या हव्यात आणि टाकी दर आठवड्यास धुवावयास हवी. कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा नाही. हवा फारच तापली असता नुसता पंखा उष्ण वाराच अंगावर फेकतो. ओल्या फडक्याने हातपाय, मान पुसून मग पंखा लावला तर गारवा मिळतो.

आहाराच्या बाबतीत आपली परंपरा सुज्ञ आहे. ताक, कैरीचे पन्हे, पातळ पेज, भाताची निवळ हे सारे पाण्याबरोबर क्षारही देतात. मधुमेह असलेल्यांस पन्ह्यातील साखर, आणि हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस मीठ व पाणी ह्यांचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. औषधांचे मानही उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, स्वतःच्या मताने काहीही बंद करू नये. रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक रहिवाशाच्या पाण्याची नोंद ठेवली, तर कोणाचा पेला दुपारपर्यंत भरलेलाच राहिला हे लगेच ध्यानी येते.

लघवी कमी व गडद होणे, जीभ कोरडी पडणे, उभे राहताना भोवळ येणे ह्या पहिल्या खुणा होत. एकाएकी बडबड, सुस्ती वा ओळख न पटणे हे 'वयाचे' म्हणून सोडून देण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. अंगाचा ताप ४० अंशांच्या वर जाऊन शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून १०८ ला दूरध्वनी करावा, आणि गाडी येईतो कपडे सैल करून, अंग गार पाण्याने भिजवून, काखेत व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी मात्र कधीही घालू नये.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात जिल्ह्यागणिक निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी निवास असावा, अशी तरतूद आहे. निवास म्हणजे छप्पर, जेवण आणि खाट एवढेच मानले, तर कायद्याचे शब्द पाळले जातील. परंतु त्या छपराखाली मे महिन्याची दुपार सुसह्य करणे हाही निवासाचाच अर्थ आहे. म्हणून संस्थेच्या विश्वस्तांनी फाल्गुनातच कूलर, वीज गेल्यास पर्यायी सोय, जादा माणसे आणि डॉक्टरांच्या फेऱ्या ह्यांची तरतूद मंजूर करावी, आणि ज्यांचे आईवडील तेथे राहतात त्यांनी उन्हाळ्यात भेटीस जाताना मिठाईऐवजी थोडा वेळ न्यावा व आपल्या हाताने पेला पुढे करावा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांस वाढले, त्यांना उतारवयात मागावे लागू नये, ही अपेक्षा दयेची नाही. ती न्यायाची आहे.