कबुलीच्या पुढचा तपास : रमाकांत कुलकर्णी

मुंबई गुन्हे शाखेचे उपायुक्त असताना नावारूपाला आलेले आणि पुढे महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक म्हणून निवृत्त झालेले रमाकांत कुलकर्णी मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अवर्सा गावचे. १९५० च्या दशकात ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. त्या काळी या सेवेचे प्रशिक्षण माउंट अबूला होई. हैदराबादची अकादमी १९७५ नंतरची.

१९६८ मध्ये मुंबईच्या उत्तर उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे रात्री डोके फोडून खून होऊ लागले. चोरी झालीच तर किरकोळ, वैर कुणाशी नाही, मारेकऱ्याला पाहिलेला साक्षीदारही क्वचित. तपासाची सूत्रे कुलकर्णींकडे आली. २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी जुन्या छायाचित्रावरून रामन राघवला ओळखून पकडले. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले आणि ओळख पक्की झाली. हाच माणूस दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अशाच हल्ल्यांच्या वेळी पोलिसांच्या हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता. जुनी नोंद जपून ठेवण्याचे मोल याहून स्पष्ट दिसणे कठीण.

ताब्यात आल्यावर तो कित्येक दिवस गप्प होता. अखेर काय हवे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली, मग केसांना तेल, कंगवा, आरसा. आणि बोलू लागला. हा प्रसंग इतका रंगवून सांगितला जातो की खरे काम झाकोळून जाते. पोलिसांपुढची कबुली भारतात पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग न्यायालय विचारात घेते. म्हणून राघवला बरोबर घेऊन पोलीस हिंडले, त्याने दाखवलेल्या जागेवरून हत्यार हस्तगत केले आणि दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब नोंदवला गेला. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मानसिक आजारामुळे १९८७ मध्ये जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतची गोष्ट याच्या उलट. तिथे स्त्रिया आणि लहान मुली मारल्या गेल्या. गुप्तधन आणि संतानप्राप्तीसाठी बळी दिल्याचा संशय होता, गावात दहशत होती आणि तोंड उघडायला कुणी तयार नव्हते. स्थानिक तपास अडल्यावर मुंबईहून कुलकर्णींचे पथक गेले. मुंबईत नोंदी होत्या; इथे हाती होती फक्त माणसे, त्यांची नाती आणि भीती. खटला बराचसा माफीच्या साक्षीदारांवर उभा राहिला, आणि तिथेच तो दुबळाही ठरला. गुन्ह्यात सामील असलेल्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात तपशिलाने तपासला. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. तपास यशस्वी होणे आणि खटला टिकणे यांतले अंतर इथे दिसते. प्रशिक्षणार्थीला राघवपेक्षा मानवतच अधिक शिकवते.

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत फौजदार घडतात. ही संस्था १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. तिथे कायदा, पंचनामा, ठसे शिकवता येतात. संशयिताच्या गप्पपणाला किती दिवस द्यायचे, हे मात्र अनुभवी अधिकाऱ्याकडूनच कळते. निवृत्तीनंतर कुलकर्णींनी ते लिहून ठेवले. ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या पुस्तकात दोन्ही तपास आहेत, आणि हाताखालच्या माणसांचे श्रेय त्या माणसांच्याच नावावर आहे. पोलीस आठवणींत हे सहसा आढळत नाही.

कुलकर्णी २००५ मध्ये वारले. याच पुस्तकावर आधारित ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तीत त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे.